बोर्ड नसलेलं मिक्सर-मोटर रिपेअरचं दुकान, सांगली : पाचपैकी साडेचार

आधीच सांगून टाकते, ह्या दुकानाला नाव नाही. बोर्ड होता म्हणे पूर्वी, २०१९ च्या पुरात गेला आणि परत लावलाच नाही. मी एकदा विचारलं तर दुकानवाले अण्णा म्हणाले, "ज्याला माहीत हाय तो येतोय, ज्याला माहीत नाय तो विचारत येतोय, मग बोर्ड कुणासाठी लावू?" आता ह्यावर काय बोलणार. मारुती रोडवरनं आतल्या बोळात शिरलं की थोड्या अंतरावर वार्निशचा वास यायला लागतो, तो आला की समजायचं पोचलो. दारात दोन-तीन गंजलेल्या पाण्याच्या मोटरी कायम पडलेल्या आणि त्यातल्या एकीवर मांजर झोपलेलं. मिक्सर, पंखे, घरच्या पाण्याच्या मोटरी आणि शेतातल्या मोठ्या मोटरींचं रिवाइंडिंग, म्हणजे जळलेली तार काढून नवी गुंडाळणं, एवढंच काम घेतात. फ्रिज, एसी, टीव्ही घेऊन गेलात तर दारातनंच परत पाठवतील.

साडेचार देतेय. अर्धा का कापला ते पुढं येईलच, त्यावरनं माझं आणि अण्णांचं चांगलं कडाक्याचं भांडण झालेलं आहे. आणि हे जरा लांबणार आहे, कारण "सर्व्हिस छान, रेट योग्य" एवढं लिहून भागलं असतं तर मी कधीच लिहून मोकळी झाले असते.

तर झालं असं की आमचे मिस्टर कुपवाड एमआयडीसीत एका कारखान्यात होते. २०२० च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागलं, पहिल्यांदा वाटलं एकवीस दिवसांचं तर आहे, मग पगार निम्म्यावर आला, मग पगाराच्या तारखेला नुसतं "बघू पुढच्या महिन्यात" यायला लागलं. मुलगी नववीत, घराचा हप्ता चालू. माहेरनं, म्हणजे तासगावहून, आईनं कांदा लसूण चटणीचा डबा पाठवला होता, त्यातली वाटी-वाटी शेजारच्या तिघींना दिली तर दुसऱ्या दिवशी तिघींनी विचारलं, विकत देतेस का. असा धंदा सुरू झाला, प्लॅनिंग बिनिंग काही नाही.

सांगलीबाहेरच्यांसाठी सांगते, आमच्याकडं चटणी म्हणजे ताटातली डावी बाजू नव्हे, चटणी म्हणजे वर्षाचं तिखट. ब्याडगी रंगाला, लवंगी नाहीतर संकेश्वरी झटक्याला, मिरच्या डंकावरनं कुटून आणायच्या आणि कांदा, सुकं खोबरं, लसूण, तीळ, धणे, खडा मसाला हे सगळं भाजून-तळून घरी मिक्सरला काढून त्यात कालवायचं. मिक्सरची खरी परीक्षा इथंच. सुकं खोबरं आणि तळलेला कांदा एकत्र फिरवला की तेल सुटतंय, लगदा पात्याला धरतोय आणि मिक्सर रडायला लागतोय. घरच्या किलोभराला चालून जातं, पण मी आठवड्याला दहा-दहा किलो करायला लागले होते आणि माझा मिक्सर लग्नातला, ५०० वॅटचा.

ऑक्टोबरमध्ये एके दिवशी घर्रर्र करून भांडं थांबलं. आतली मोटर फिरतेय असं ऐकू येतंय पण पातं हलत नाही, जळका वास, आणि ओट्यावर काळा भुगा. दुसऱ्या दिवशी सात किलोची ऑर्डर द्यायची होती.

आधी एका सर्व्हिस सेंटरला नेला, नाव घेत नाही, सगळीकडं हेच चालतंय. काउंटरवरच्या पोरानं मिक्सर उघडला नाही की उलटा केला नाही, मॉडेल नंबर बघितला आणि म्हणाला मॅडम मोटर गेली, ह्याचे पार्ट येत नाहीत, एक्स्चेंजमध्ये नवीन घ्या, साडेचार हजार. तेव्हा आमच्या घरात साडेचार हजार म्हणजे काय होतं ते माझं मला माहीत. मिक्सर परत पिशवीत घातला, बाहेर येऊन गाडीवर बसले आणि बराच वेळ किल्लीच फिरवली नाही. शेजारी चहाच्या गाड्यावर एक मावशी होत्या, त्यांनी पिशवी बघितली, माझं तोंड बघितलं आणि म्हणाल्या, "मिक्सर का? त्या बोळातल्या अण्णाला दाखीव आधी, मग रड."

अण्णा तेव्हा साठी ओलांडलेले. पांढरा पायजमा, त्यावर वार्निशचे डाग, चष्म्याची एक काडी तांब्याच्या तारेनं बांधलेली. मान वर न करता म्हणाले, "काय करत होता त्यात?" मी म्हटलं खोबरं-कांदा. "किती वेळ?" अर्धा-पाऊण तास. "सलग?" हो. तेव्हा मान वर केली आणि माझ्याकडं असं बघितलं जसं मी मिक्सर नाही, मारलेलं पोर घेऊन आलेय.

त्यांच्या भिंतीला एक लाकडी फळी ठोकलेली आहे, त्यावर एक बल्ब आणि एक प्लग. ह्याला सिरीज बोर्ड म्हणतात. दुकानात आलेलं कुठलंच यंत्र सरळ लाईटला लावत नाहीत, आधी ह्या बल्बातनं करंट जातो. यंत्राच्या आत शॉर्ट असला तर बल्ब भक्कन पूर्ण पेटतो आणि यंत्र हलत नाही, पण फ्यूज उडत नाही आणि आधीच आजारी यंत्राला आणखी मार बसत नाही. बल्ब मंद राहिला आणि मोटर हळूहळू फिरायला लागली तर समजायचं आत जीव आहे. माझा मिक्सर लावला. बल्ब मिणमिणला, मोटर कुंथत कुंथत का होईना फिरली.

"मोटर गेली म्हणले?"

"हो."

"हं."

एवढंच. त्या पोराला शिव्या नाहीत की काही नाही. मग वरचा कपलर दाखवला, म्हणजे भांड्याच्या खालच्या चाकात अडकतो तो दातेरी तुकडा. दात पार झिजून गोटीसारखा गुळगुळीत झालेला. ओट्यावरचा काळा भुगा त्याचाच. म्हणाले, "हा मरायसाठीच बसवलेला असतोय. भांडं जाम झालं की ह्यानं तुटायचं आन् मोटर वाचवायची. त्यानं त्याचं काम केलंय." मग मिक्सर उघडून कार्बन दाखवले. मोटरच्या फिरत्या भागाला दोन्ही बाजूंनी दोन काळे चौकोनी तुकडे टेकलेले असतात, त्यातनं करंट जातो आणि ते शिसपेन्सिलीसारखे झिजत जातात. माझ्यातले नखाएवढे उरले होते, म्हणून ठिणग्या आणि म्हणून तो वास. कपलर बदलला, कार्बन बदलले, काळवंडलेलं तांबं बारीक पॉलिश पेपरनं चकचकीत केलं आणि परत सिरीजला लावून बघितलं. एकशे सत्तर रुपये.

पैसे देऊन निघाले तर म्हणाले, थांबा. मिक्सर उलटा करून माझ्या पुढ्यात ठेवला. "तळाला काय लिहिलंय वाचा." बारीक अक्षरात होतं, रेटिंग ३० मिनिटं, ५ मिनिटं चालू, २ मिनिटं बंद. सोळा वर्षं तो मिक्सर वापरत होते ओ मी, एकदाही उलटा करून बघितला नव्हता. अण्णा म्हणाले, "पाच मिनिटं फिरवायचं, दोन मिनिटं गप बसायचं. माणसाला सुद्धा एवढं लागतंय ताई." आणि शेजारचं लाल बटण दाखवलं, लोड जास्त झाला की ते बाहेर येऊन मिक्सर बंद करतंय, गार झाला की दाबायचं की परत चालू. निम्म्या बायका त्या लाल बटणासाठी रिक्षा करून दुकानात येतात आणि अण्णा ते दाबून परत पाठवतात, पैसे घेत नाहीत, असं त्यांच्याच तोंडून कळलं. नंतर मी स्वतः दोनदा बघितलंय.

पुढं जाणं-येणं वाढलं. महिन्यातनं एकदा तरी काही ना काही निघायचंच, भांड्याचा बुश, म्हणजे पात्याच्या दांडीभोवतीची पुंगळी, गळायचा, पातं सैल व्हायचं. बुश गळतोय हे लवकर ओळखायला शिका बायांनो, भांड्याच्या बुडाला काळं तेलकट पाणी दिसलं की ताबडतोब थांबवा, कारण तेच पाणी खाली मोटरीत उतरतं आणि मग एकशे सत्तरचं काम हजारावर जातं.

बसायला तिथं एक उलटा क्रेट आहे. त्यावर बसून मी अण्णांच्या गोष्टी ऐकल्यात. त्यांचे वडील हरिपूरच्या पेवांवर हमाल होते. आताच्या पोरांना पेव म्हटलं तर कळणार नाही. सांगलीची हळद पूर्वी हरिपूरला जमिनीखाली साठवायचे, तोंड अरुंद आणि पोट मोठं असे खोल खड्डे, तिथली मातीच अशी की आतली हळद वर्षानुवर्षं कीड न लागता राहायची. २००५ च्या पुरात पाणी शिरलं आणि बहुतेक पेवं निकामी झाली. तर वडिलांच्या काळात पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नाही, हवा खराब असती, आधी दोरीला कंदील बांधून सोडायचा, विझला तर माणूस उतरवायचा नाही. तो कंदील धरायचं काम लहानपणी अण्णांकडं. सिरीजच्या बल्बकडं बोट करून म्हणतात, "ह्यो माझा कंदील."

२०१९ चं मी बघितलेलं नाही, म्हणजे आम्ही विश्रामबागेत, आमच्याकडं पाणी आलं नव्हतं आणि तेव्हा अण्णांची ओळखही नव्हती. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट आहे, त्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. अण्णांच्या दुकानात माळ्यापर्यंत पाणी. पाणी चढतंय म्हटल्यावर त्यांनी काय केलं, तर गिऱ्हाइकांचे मिक्सर-पंखे, प्रत्येकाला नावाची चिठ्ठी बांधलेली, समोरच्या घराच्या वरच्या मजल्यावर नेऊन ठेवले. तीन-चार फेऱ्या झाल्या आणि गल्लीत कमरेएवढं पाणी आलं. स्वतःचं वाइंडिंगचं मशीन, मेगर (तारेतनं करंट बाहेर गळतोय का ते तपासायचं यंत्र), तारेची रिळं, सगळं खालीच राहिलं. मी म्हटलं अण्णा आधी स्वतःचं न्यायचं होतं. तर म्हणाले, "माझं बुडलं तर मी बघतो. त्यांचं बुडलं तर त्यांना काय सांगू, पूर आला होता म्हणू? त्यांच्या घरात पण आलाच होता की."

पाणी उतरल्यावर दुकानासमोर रांग. मिक्सर, पंखे, मोटरी, सगळ्यात चिखल. पहिले पंधरा दिवस त्यांनी मजुरी घेतली नाही, फक्त सामानाचे पैसे घेतले. मला हे गल्लीतल्या दुसऱ्याच माणसानं सांगितलं आणि मी अगदी भारावून अण्णांना विचारलं तर त्यांनी माझी हवाच काढली. म्हणाले, "मोठेपणा कसला? लोकांकडं पैसे नव्हते. मजुरी लावली असती तर मशिनी दुकानातच सोडून गेले असते, मला उभं राहायला जागा नव्हती." उधारीची वही पुरात भिजून शाई गेली होती, त्याचंही विचारलं, लोकांनी आपणहून येऊन पैसे दिले का. "निम्मे आले." आणि बाकीचे? "बाकीचे येतील म्हणून वाट बघत बसलो असतो तर हे निम्मे पण गेले असते."

बरं, २०२१ च्या जुलैमध्ये परत पूर आला तेव्हा मात्र मी होते. पाणी ओसरल्यावर चौथ्या दिवशी घरातनं खराटा आणि पाण्याचा पाईप घेऊन गेले, म्हटलं एवढ्या वेळा ह्यांनी मला तारलंय. दोन दिवस नुसता चिखल काढला. आणि तिथंच मी पहिल्यांदा मिक्सर उघडायला शिकले, कारण साठ-सत्तर मिक्सर पडलेले आणि हात कमी. पुरात भिजलेल्या यंत्राचं एक नियम म्हणून सांगते, सांगलीत राहता तर हे पाठच करा: वाळलंय असं वाटलं तरी लाईटला लावून बघायचं नाही. पाण्यानं मोटर जळत नाही, आपण "चालतंय का बघू" म्हणून बटण दाबतो तेव्हा जळते. उघडायचं, स्वच्छ पाण्यानं चिखल धुवायचा (हो, पाण्यानंच, मला पण धक्का बसला होता, पण चिखल वाळून बसला तर निघत नाही आणि त्यात ओल धरून राहते), मग उन्हात ठेवायचं, जुलैचं ऊन म्हणजे काय ते सोडा, म्हणून पेटवलेल्या बल्बाखाली दोन-दोन दिवस. मग मेगर लावून बघायचं, मग वार्निश, बेअरिंगमध्ये माती गेलेली असते ते बदलायचं, आणि मग सिरीज. कपलरचे आटे उलटे असतात हेही तेव्हाच कळलं. मी आपलं नेहमीसारखं सोडवायला बघतेय, आणि तो आणखी घट्ट होतोय, आणि मागनं अण्णांची सून हसतेय.

आता तक्रार. २०२२ चा एप्रिल, आमचा चटणीचा ऐन सीझन. आता माझ्याकडं ७५० वॅटचा मिक्सर होता, तो सोमवारी बंद पडला, आर्मेचर, म्हणजे मोटरचा आतला फिरता भाग, गेलं. अण्णा म्हणाले बुधवारी न्या. बुधवारी गेले, झालं नव्हतं. गुरुवारी फोन केला, उचलत नाहीत. (फोन ते कधीच उचलत नाहीत, हा वेगळा मुद्दा.) शुक्रवारी गेले तर माझा मिक्सर तसाच उघडा पडलेला आणि अण्णा एका शेतकऱ्याच्या साडेसात एचपी मोटरीत डोकं घालून बसलेले. माझा पाराच चढला. बचत गटातनं महिना एक टक्क्यानं पैसे उचलून मिरच्या भरलेल्या, पंचवीस किलोच्या ऑर्डरी अंगावर, शेजारणीचा मिक्सर मागून मागून तिनं दार उघडायचं बंद केलेलं. मी म्हटलं अण्णा बुधवार सांगितला होता ना? तर म्हणतात कसे, "त्याचा एक फेज गेला आन् मोटर जळली, आठ दिवस उसाला पाणी नाय. ऊस वाळतोय ताई. चटणी दोन दिवसांनी झाली तर वाळत नाय."

मी म्हटलं, तुम्हाला माझं काम बायकांचा टाईमपास वाटतोय का? त्याचा ऊस ते पोट आणि माझी चटणी ते काय? गल्लीतली दोन माणसं बाहेर आली एवढ्या आवाजात म्हटलं. अण्णा काहीच बोलले नाहीत. तो शेतकरी बिचारा उठून बाहेर जाऊन उभा राहिला. मग अण्णा आत गेले, एक जुना मिक्सर आणला, सिरीजला लावून बघितला, माझ्या हातात दिला. "हा न्या. तुमचा झाला की परत आणा." माझा मिक्सर शनिवारी संध्याकाळी मिळाला. सॉरी वगैरे म्हणाले नाहीत, ती पद्धतच नाही त्यांची. पण तेव्हापासनं दुकानात वरच्या फळीवर तीन मिक्सर असतात, त्यावर खडूनं "बदली" लिहिलंय, आणि ज्यांचा मिक्सरवर धंदा आहे, इडलीच्या पिठावाल्या, मेसवाल्या, आमच्यासारख्या, त्यांना दुरुस्ती होईपर्यंत तो नेता येतो. डिपॉझिट नाही, वहीत नाव फक्त. माझ्या ओरडण्याचं एवढं फळ मिळालं असेल तर परत ओरडायला तयार आहे. तरी अर्धा गुण कापणारच, कारण सांगितलेल्या दिवशी काम अजूनही दहातनं सहा वेळाच होतं.

आणखी एक किस्सा, हा पैशाच्या दृष्टीनं सगळ्यात मोठा. धंदा वाढला तसं सगळे सांगायला लागले, मशीन घे, पल्वरायझर म्हणजे दळायचं मोठं मशीन घे, केंद्राची सूक्ष्म अन्नप्रक्रियेची योजना आहे, ३५ टक्के अनुदान मिळतंय. मी कागद गोळा केले, फूड रजिस्ट्रेशन वर्षाला शंभर रुपये भरून आधीच काढलेलं होतं. अण्णांना सांगितलं तर म्हणाले, "पस्तीस टक्के ते देतील, पासष्ट कोण देणार?" बँक. "आन् बँकेला कोण देणार?" मग विचारलं, सीझन सोडून महिन्याला किती किलो जातंय, मी म्हटलं तीस-पस्तीस. तर म्हणाले तेवढ्याला नवीन मशीन नको, जुनं बघा. योजना वाईट नाही हं, आमच्या गटातल्या एकीनं घेतलं, तिचं मस्त चाललंय, पण तिच्याकडं हॉटेलांच्या ऑर्डरी आहेत. माझ्याकडं नव्हत्या आणि मला ते कुणीतरी तोंडावर सांगायची गरज होती.

२०२३ मध्ये मिरजेत एक जुनं दोन एचपीचं मशीन सापडलं. मालक म्हणाला चौदा हजार, प्युअर कॉपर वाइंडिंग. मी बयाणा न देता म्हटलं आमच्या माणसाला दाखवते. अण्णा पहिल्यांदाच दुकान सुनेवर सोडून माझ्या गाडीवर मागं बसून मिरजेला आले, हातात पिशवी, पिशवीत पान्हा आणि दाढीचं ब्लेड. मोटरीचं झाकण काढलं. आतली तार लालसर चकचकीत, मी म्हटलं तांबंच की. त्यांनी ब्लेडनं तारेचा एक टोकाचा भाग हलक्या हातानं खरवडला. वरचा लाल थर निघाला आणि आत पांढरी तार. अॅल्युमिनियम. वरचा रंग इनॅमलचा, म्हणजे तारेवरच्या लेपाचा. तो मालक लगेच म्हणायला लागला की मी पण दुसऱ्याकडनंच घेतलं होतं, मला काय माहीत, वगैरे. मला वाटलं आता अण्णा त्याला झाडणार आणि आम्ही परत फिरणार. तर शांतपणे झाकण बसवत म्हणाले, "अॅल्युमिनियम वाईट नसतंय. फकस्त अॅल्युमिनियमला अॅल्युमिनियमचा भाव लावा." नऊ हजाराला ठरलं. त्यावर माझी आजपर्यंत चटणी निघतेय, दोन वर्षांत एकदा बेल्ट आणि एकदा बेअरिंग, बस्स. अण्णांनी त्या फेरीचे काय घेतले तर येताना एक उसाचा रस, तो पण मलाच आग्रह करून पाजला आणि पैसे त्यांनीच दिले.

मिस्टरांना नंतर दुसरीकडं काम लागलं, पगार पहिल्यापेक्षा कमी पण वेळेवर. मुलीची बारावी झाली, फी चटणीतनं भरली. ह्याला कुणी यश म्हणत असेल तर म्हणा, मला एवढंच माहीत आहे की आता फीची तारीख आली की पोटात गोळा येत नाही. आणि गटातल्या बायकांचे कपलर नि कार्बन आता मीच बदलून देते, वीस रुपये मजुरी. पहिल्यांदा ऑनलाईन स्वस्तातला कपलर मागवून एकीला बसवला, आठ दिवसांत त्याचे तुकडे झाले, अण्णांनी ते तुकडे हातात घेऊन बघितले आणि काही न बोलता माझ्या हातावर त्यांच्याकडचे पाच कपलर ठेवले. बिल लावलं त्याचं, फुकट नाही.

दुकानात आधी एक पोरगा होता, जत तालुक्यातला, आयटीआय करून आलेला. चार वर्षं काम शिकला आणि गावाकडं स्वतःचं टाकलं. अण्णांनी जुनं वाइंडिंग मशीन त्याला हप्त्यानं दिलं. आता जतकडचं कुणी मोटर घेऊन आलं की अण्णा त्याचाच नंबर देतात, "एवढ्या लांब कशाला आणली, भाडं वाचलं असतं की." गिऱ्हाईक हातचं घालवतो हा माणूस, असं शेजारचा दुकानदार माझ्यासमोर म्हणाला होता. पण तोच पोरगा दर हंगामात अवघड मोटरी सांगलीला पाठवतोय हे शेजाऱ्याला दिसत नाही.

आता कामाचं. वेळ सकाळी दहा ते दीड आणि चार ते आठ, दुपारी गेलात तर मांजर भेटेल फक्त. अमावास्येला बंद, कॅलेंडर बघून जावा. छापील बिल मिळत नाही, मागितलं तर कागदाच्या कपट्यावर लिहून देतात, ज्यांना कंपनीत लावायचंय त्यांनी दुसरीकडं बघावं. गॅरंटी तोंडी, पण पाळतात, मला एकदा महिन्याभरात तेच काम परत फुकट करून दिलंय. पैसे यूपीआयनं चालतात, क्यूआर सुनेच्या नावाचा आहे, घाबरू नका. जुना काढलेला पार्ट मागितला नाही तरी हातात देतात, तो घ्या, पुढच्या वेळी ओळखायला उपयोगी पडतो. चारचाकी बोळात नेऊ नका. भांडं धुवून न्या, मी पहिल्यांदा खोबऱ्याचं तसंच नेलं होतं, त्यावरनं अजून बोलणी खाते.

आणि अण्णांची सून वाइंडिंगला बसली असेल तर दारातच गप उभं राहायचं, काही म्हणजे काही विचारायचं नाही. ती मनात वेढे मोजत असते. मी एकदा "वहिनी, अण्णा आहेत का" म्हणून विचारलं, तिनं माझ्याकडं बघितलं, एक मोठा श्वास घेतला, सगळी तार उलगडली आणि परत एकपासनं सुरू केलं.